संवादी पाठांची पाने कशात लिहायची? साधननिवडीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका दूरशिक्षण संस्थेच्या तांत्रिक विभागातले आहे. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. संस्थेचे विज्ञानाचे आणि गणिताचे पाठ वेबपानांच्या रूपात होते. त्यांतल्या बऱ्याच पानांवर विद्यार्थ्याला नुसते वाचायचे नव्हते, तर काहीतरी करून पाहायचे होते: स्लायडर सरकवून प्रक्षेपणाचा कोन बदलायचा, रेणूचे भाग योग्य जागी ओढून ठेवायचे, तक्त्यातली नोंद उघडून तिचा तपशील पाहायचा, सरावप्रश्नाचे उत्तर तपासून घ्यायचे.

या पानांची पहिली पिढी फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरला प्लेअर जोडून चालणाऱ्या अडोबी कंपनीच्या साधनात, होती. फ्लॅश प्लेअर बंद करण्याची घोषणा अडोबीने जुलै २०१७ मध्ये केली, ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने मजकूर दाखवणेच थांबवले. हाताशी जवळजवळ साडेतीन वर्षे असूनही संस्थेने काम शेवटच्या वर्षावर ढकलले होते. त्यामुळे सगळी पाने घाईघाईत जेक्वेरी या लायब्ररीच्या, म्हणजे ब्राउझरात चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतल्या तयार कोडसंचाच्या, आधाराने पुन्हा लिहावी लागली. ती चालली, पण प्रत्येक पान लिहिणाऱ्याच्या सवयीप्रमाणे वेगळे झाले. विभागात दोन प्रोग्रामर होते, त्यांतल्या ज्येष्ठांचा हात मुख्यतः सर्व्हरच्या कामात बसलेला होता. एक डिझायनर होती. आणि पाठांचा मजकूर विषयशिक्षक स्वतः तयार साच्यात एचटीएमएल (टॅग नावाच्या खुणांनी वेबपान लिहिण्याची भाषा) भरून लिहीत असत. हा शेवटचा तपशील पुढे सर्वांत निर्णायक ठरला.

अडचण

तक्रारींना तोंड फुटले ते प्रक्षेपणाच्या पानावरून. पानावर कोनाचा स्लायडर, तोच कोन आकड्यात लिहिण्याची चौकट, खाली मार्गाचा आलेख आणि त्याखाली ‘या कोनाला पल्ला इतका येतो’ असे वाक्य होते. सुरुवातीचा वेग सेकंदाला २० मीटर धरला, तर ४५ अंशांवर पल्ला सुमारे ४०.८ मीटर येतो आणि ३० व ६० अंशांवर तो सारखाच, म्हणजे सुमारे ३५.३ मीटर येतो; विद्यार्थ्याने हे साम्य स्वतः शोधावे हाच पाठाचा हेतू होता. पण ६० अंश करून पाहिल्यावर ‘पुन्हा सुरू’ हे बटन दाबले की स्लायडर आणि आलेख ४५ वर परत येत, चौकटीत मात्र ६० च राही, आणि वाक्य चौकटीतून आकडा घेत असल्यामुळे आलेख एक पल्ला दाखवी तर वाक्य दुसराच सांगे. काही विद्यार्थ्यांनी सूत्रच चुकीचे असल्याचे कळवले.

बग दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही. प्रश्न असा होता, की कोनाची किंमत तीन ठिकाणी साठवलेली होती आणि ती तिन्ही एकसारखी ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक बटनाच्या कोडवर स्वतंत्रपणे टाकलेली होती. असेच दुखणे इतर पानांतही निघाले. कनिष्ठ प्रोग्रामरने प्रस्ताव मांडला, की सगळी पाने रिॲक्ट या फ्रेमवर्कमध्ये (संवादी पाने बांधण्याच्या तयार चौकटीत) नव्याने लिहावीत. ज्येष्ठांचे म्हणणे असे, की आहे ते नीट करावे आणि नवे साधन आणूच नये. दोघांचीही बाजू प्रामाणिक होती, आणि दोघेही एकाच गृहीतावर उभे होते: सगळ्या पानांना एकच साधन हवे. विभागप्रमुखांनी लेखी शिफारस मागवली आणि बाहेरून पाहणारा म्हणून मला बोलावले.

पहिला निर्णय: साधनांआधी पानांची वर्गवारी

साधनांची तुलना सुरू करण्यापूर्वी पाने तपासावीत, एवढे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवले. वर्गवारीचा निकष विषय किंवा इयत्ता हा नव्हता. पानावरच्या किती गोष्टी एकाच वेळी एकमेकींवर अवलंबून आहेत, हा होता.

पहिल्या गटात केवळ उघडझाप असणारी पाने होती: दडलेला खुलासा उघडणे, मोठे चित्र वर आणणे, एका प्रश्नाचे एक उत्तर तपासणे. दुसऱ्या गटात एखाददुसरी किंमत घेऊन एक निकाल दाखवणारी पाने होती. तिसऱ्या गटात अनेक किमती, त्यांवरून निघणारे अनेक देखावे आणि मध्येच सोडून परत येण्याची सोय असलेली पाने होती. प्रक्षेपणाचे पान आणि वेळ लावून सोडवायची सरावचाचणी ही त्यांची ठळक उदाहरणे. पहिला गट बाकी दोन्ही मिळून होतील त्याहूनही मोठा निघाला, आणि तिसऱ्या गटातली पाने बोटांवर मोजण्याइतकीच होती. रिॲक्टचा प्रस्ताव तिसऱ्या गटाकडे पाहून आला होता, तर ‘काहीच नको’ हे मत पहिल्या गटाकडे पाहून. हे दिसताच वादातली बरीचशी धग निघून गेली.

पहिल्या गटासाठी तर कुठल्याच लायब्ररीची गरज नव्हती. उघडमिट करणारा ‘डिटेल्स’ हा टॅग एचटीएमएलमध्येच आहे, वर येणाऱ्या खिडकीसाठीचा ‘डायलॉग’ टॅग मार्च २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो, आणि फॉर्ममधली साधी तपासणी ब्राउझर स्वतःच करतो.

विचारात घेतलेले पर्याय

जेक्वेरी नीटनेटकी करून तशीच ठेवणे हा पहिला पर्याय. २००६ साली ती आली तेव्हा ब्राउझरांच्या वागण्यात इतका फरक होता, की तिच्याशिवाय काम करणे म्हणजे प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी पळवाट लिहिणे होते. आज घटक शोधणे, वर्ग बदलणे, सर्व्हरकडून माहिती मागवणे ही कामे ब्राउझर स्वतः करतात. तरीही ‘जुनी झाली’ हे कारण मला कधीच पुरेसे वाटलेले नाही. वर्षानुवर्षे न मोडता चालणे हा या क्षेत्रात गुणच आहे. तिच्या विरुद्धचे खरे कारण हे, की पानाची स्थिती (त्या क्षणाच्या किमती) कुठे ठेवायची याबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि ती शिस्त संघाला स्वतः पाळता आलेली नव्हती.

रिॲक्ट २०१३ मध्ये खुले झाले. किंमत एका जागी ठेवायची आणि पान तिच्यावरून काढायचे ही त्याची मूळ कल्पना नेमकी आमच्या दुखण्यावर होती. जाणकार सहज मिळतात, तयार घटकही विपुल आहेत. पण आपल्या कोडची एक ओळ लिहिण्याआधीच दाबलेल्या स्वरूपातही चाळीस किलोबाइटांच्या वर ओझे येते, आणि पान बदलायचे तर बिल्डची साखळी (लिहिलेल्या कोडपासून ब्राउझरला चालतील अशा फाइली बनवणारी अवजारे) चालवावी लागते. शिवाय ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे वर्षानुवर्षे शिकवले गेलेले सुरुवातीचे साधन नव्या प्रकल्पांसाठी वापरू नये, असे रिॲक्टच्या चमूनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. रिॲक्ट त्यामुळे संपत नाही; गाभा टिकतो आणि भोवतालची अवजारे बदलतात, एवढाच त्याचा अर्थ. पण दोन प्रोग्रामरच्या विभागाला अवजारांचा बदलही महागात पडतो.

व्ह्यू हे फ्रेमवर्क २०१४ चे. ते बिल्डशिवाय, साध्या स्क्रिप्ट टॅगनेही पानात घेता येते आणि त्याचा साचा एचटीएमएलसारखाच दिसतो. दुसऱ्या आवृत्तीचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपला, त्यामुळे विचार तिसरीचाच होता. स्वेल्ट, २०१६ चे, कोडचे आधीच रूपांतर करून ठेवते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या फोनवर उतरणारे ओझे छोट्या घटकांसाठी फारच कमी राहते. मात्र ऑक्टोबर २०२४ च्या पाचव्या आवृत्तीत लिहिण्याची पद्धत बरीच बदलली आणि जुनी उदाहरणे वाचून शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो. अँग्युलर आम्ही लवकरच बाजूला ठेवले: ते मोठ्या संघांसाठी घडवलेले आहे, आणि जुन्या अँग्युलरजेएसकडून २०१६ च्या नव्या अँग्युलरकडे जाणे म्हणजे जवळपास पुनर्लेखन होते, हे ज्येष्ठ प्रोग्रामरने पूर्वीच्या नोकरीत सोसलेले होते.

एचटीएमएक्स, २०२० पासूनचे, वेगळ्या दिशेने जाते: सर्व्हर एचटीएमएलचा तुकडा पाठवतो आणि तो पानात योग्य जागी बसतो. स्लायडरच्या प्रत्येक हालचालीसाठी सर्व्हरकडे फेरी मारणे वेडेपणाचे ठरले असते. पण उत्तर तपासण्यासाठी हाच मार्ग सरळ होता, कारण जुन्या पानांत बरोबर उत्तरे जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेली होती आणि पानाचा सोर्स उघडणाऱ्या कोणालाही ती वाचता येत होती.

शेवटचा पर्याय ब्राउझरच्या स्वतःच्या कस्टम एलिमेंटांचा. जानेवारी २०२० मध्ये एज ब्राउझर क्रोमियमवर (क्रोमच्या मुक्त गाभ्यावर) गेल्यापासून ते प्रमुख ब्राउझरांच्या चालू आवृत्त्यांत चालतात. प्रोग्रामर एक नवा टॅग घडवतो आणि शिक्षक तो टॅग इतर कोणत्याही टॅगसारखा पानात लिहितो.

दुसरा निर्णय: सर्वांत अवघड आणि सर्वांत साधे पान

गुण देण्याचा तक्ता करायचा नाही, हे मी आग्रहाने सुचवले. अशा तक्त्यात ज्याचा आवाज मोठा त्याचे साधन जिंकते. त्याऐवजी चार उमेदवारांत (रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट आणि नुसते कस्टम एलिमेंट) दोन-दोन पाने लिहून पाहिली: सर्वांत अवघड म्हणून प्रक्षेपणाचे आणि सर्वांत साधे म्हणून सरावप्रश्नाचे. मग तीन परीक्षा घेतल्या. कमी मेमरीच्या जुन्या फोनवर पान चालवणे, कोऱ्या संगणकावर प्रकल्प नव्याने उतरवून बिल्ड करणे, आणि शिक्षकाच्या हाती पान देऊन त्यात बदल करायला सांगणे.

फोनवरच्या परीक्षेत एक प्रसंग घडला, तो सविस्तर सांगायला हवा. रिॲक्टमधल्या पानाचा स्लायडर जुन्या फोनवर अडखळत होता, आणि ‘फ्रेमवर्क जड आहे’ असा शेरा नोंदवहीत जाणारच होता. डिझायनरने नुसत्या जावास्क्रिप्टमधले पान त्याच फोनवर लावून पाहिले, तर तेही तसेच अडखळले. कारण दोन्हींत एकच निघाले. स्लायडर सरकत असताना ‘इनपुट’ ही घटना सतत येत राहते, आणि दर वेळी आलेखाचे शेकडो बिंदू नव्याने मोजून शिवाय किमतींचा पूर्ण तक्ताही पुन्हा बांधला जात होता. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. त्यात हे काम बसत नव्हते. आलेख पुढच्या चित्राच्या वेळी एकदाच काढायचा आणि तक्ता बोट उचलल्यावर, म्हणजे ‘चेंज’ घटनेला, बांधायचा असे ठरवल्यावर चारही पाने सुरळीत चालली. साधनांमधला खरा फरक दिसला तो पान पहिल्यांदा उघडताना. साध्या प्रश्नाचे पान एचटीएमएलमध्ये लगेच दिसे, तर फ्रेमवर्कमध्ये स्क्रिप्ट उतरून चालेपर्यंत कोरे राही.

शिक्षकांच्या परीक्षेत भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेला वेगाची कमाल मर्यादा २० वरून ३० करायला आणि आलेखाखालचे वाक्य बदलायला सांगितले. कस्टम एलिमेंटच्या पानात त्यांनी टॅगमधला आकडा बदलला, वाक्य बदलले आणि त्या मोकळ्या झाल्या. व्ह्यूच्या स्क्रिप्ट टॅगवाल्या पानात वाक्य बदलताना एक महिरपी कंस पुसला गेला आणि पानावर किमतीऐवजी कंसच दिसू लागले. रिॲक्ट आणि स्वेल्टच्या पानांत बदल नेमका कोणत्या फाइलमध्ये करायचा इथेच त्या अडल्या. त्यांचे म्हणणे नोंदवहीत तसेच लिहिले आहे: “मला आकडा बदलायचा आहे, आणि तुम्ही मला प्रकल्प बिल्ड करायला सांगताय.”

निर्णय

टॅग हाच शिक्षक आणि प्रोग्रामर यांच्यातला करार मानायचा, असे ठरले. पानावर शिक्षकाला फक्त एचटीएमएल आणि संस्थेचे स्वतःचे टॅग दिसतील. टॅगच्या आत काय आहे हे प्रोग्रामरने पाहायचे: दुसऱ्या गटासाठी नुसते जावास्क्रिप्ट, तिसऱ्या गटासाठी फ्रेमवर्क. उत्तर तपासणी साध्या फॉर्मने सर्व्हरवर करायची आणि एचटीएमएक्सने तेवढाच भाग बदलायचा. स्क्रिप्ट उतरली नाही तरी फॉर्म चालतोच. या रचनेचा मोठा फायदा असा, की आतले साधन पुढे बदलावे लागले तरी पाठांच्या पानांना हात लावावा लागत नाही.

तिसऱ्या गटासाठी व्ह्यू की स्वेल्ट, यावर मात्र बैठक लांबली. दोन्हींतून कस्टम एलिमेंट तयार करता येतात. मोजक्याच घटकांसाठी कमी ओझे म्हणून माझे मत स्वेल्टच्या बाजूने होते. संघाने व्ह्यू निवडले, कारण ज्येष्ठ प्रोग्रामरला तो कोड न शिकवता वाचता आला आणि रजेच्या काळात एकमेकांचे काम सांभाळणारी माणसे तीच दोन होती. काही किलोबाइटांपेक्षा हे कारण वजनदार होते.

अंमलबजावणी

जुनी पाने एकदम उपसली नाहीत. ज्या पानाला काही कारणाने हात लागेल तेच बदलायचे, आणि तक्रारींची पाने आधी घ्यायची. लायब्ररींच्या आवृत्त्या पक्क्या बांधून फाइली संस्थेच्याच सर्व्हरवर ठेवल्या. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ ही ११ ओळींची लायब्ररी एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट लायब्ररींच्या सार्वजनिक भांडारातून) काढून घेतली गेली, तेव्हा तिच्यावर आडून अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प बिल्ड होईनासे झाले होते. त्याचा दाखला देऊन नवी डिपेंडन्सी (बाहेरचा तयार कोड) दोघांच्याही संमतीशिवाय घ्यायची नाही असा नियम केला. हा नियम वरकरणी जाचक वाटतो, पण ‘हे तर आपणच लिहू शकतो’ असा निष्कर्ष त्या चर्चेतूनच अनेकदा निघाला.

पहिली अडचण आली ती शॅडो डॉमची (टॅगचा आतला भाग बाकी पानापासून वेगळा ठेवण्याच्या सोयीची). सुरुवातीचे टॅग त्यात बांधले होते, म्हणजे बाहेरचे सीएसएस (पानाच्या रंगरूपाचे) नियम आत लागू होत नाहीत. वारशाने येणारे गुणधर्म आणि कस्टम प्रॉपर्टी तेवढ्या आत पोचतात. परिणामी, गडद रंगसंगती निवडली की सगळे पान बदले आणि टॅगमधली बटने पांढरीच राहत. तपासल्यावर असे दिसले, की शॅडो डॉम कोणत्याही गरजेपोटी घेतला नव्हता. उदाहरणात होता म्हणून तो आला होता. तो साध्या टॅगांमधून काढला, आणि व्ह्यूच्या ३.५ आवृत्तीपासून तो टाळण्याची सोय असल्यामुळे तिथूनही काढला.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. रेणूचे भाग ओढून ठेवण्याच्या पानासाठी एक तयार लायब्ररी घेतली होती. माउसने आणि बोटाने ती छान चाले, कीबोर्डने मात्र अजिबात नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन) वापरणाऱ्या एका विद्यार्थ्याने कळवले तेव्हाच हे लक्षात आले. कीबोर्डची अट वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत जुनीच आहे, आणि ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत न ओढता तेच काम करता यावे अशी अटही आली आहे. शेवटी ‘आधी भाग निवडा, मग जागा निवडा’ अशी रीत दोन साध्या बटनसंचांनी बांधली आणि लायब्ररी काढून टाकली. प्रक्षेपणाच्या पानावरही असाच एक दोष सापडला: पल्ल्याचे वाक्य स्क्रीन रीडरने आपोआप वाचावे म्हणून खूण केली होती, त्यामुळे स्लायडरच्या प्रत्येक पावलाला वाक्याचा भडिमार होई. स्लायडर क्षणभर स्थिर राहिल्यावरच वाक्य बदलू लागले, तेव्हा तो थांबला.

परिणाम

प्रक्षेपणाच्या पानावर कोन आता एकाच जागी असतो, आणि स्लायडर, चौकट, आलेख व वाक्य त्याच्यावरून निघतात. त्या प्रकारच्या तक्रारी बंद झाल्या. आकडे आणि वाक्ये शिक्षक स्वतः बदलतात. काही जुनी पाने अजून जेक्वेरीवरच आहेत आणि त्यांना हात लावण्याची घाई कोणालाच नाही, जे मला योग्यच वाटते.

सरावचाचणीचे पान मात्र समाधानकारक झाले नाही. उत्तरे ब्राउझरमध्येच साठवली जात असल्याने विद्यार्थ्याने फोन सोडून संगणक घेतला की अर्धी चाचणी हरवते. हा प्रश्न फ्रेमवर्कने सुटणारा नाही. स्थिती सर्व्हरवर ठेवायची की विद्यार्थ्याच्या यंत्रावर, हे निवडीच्या वेळीच विचारायला हवे होते. तिसऱ्या गटाच्या चर्चेत सगळ्यांचे लक्ष आलेखांकडे राहिले.

वेगळे काय करता आले असते

नमुन्यांच्या तीन परीक्षांत चौथी असायला हवी होती: फक्त कीबोर्डने आणि स्क्रीन रीडरने पान वापरून पाहणे. ओढण्याची लायब्ररी त्या परीक्षेत पहिल्याच मिनिटाला बाद झाली असती, आणि बांधलेले पान पुन्हा बांधावे लागले नसते.

वर्गवारी प्रोग्रामरांनी केली, हीही उणीव राहिली. पुढे शिक्षकांनी दोन मार्ग एकमेकांवर ठेवून तुलना करण्याची सोय मागितली आणि दुसऱ्या गटातली काही पाने तिसऱ्यात सरकली. ‘हे पान पुढे काय करू शकले पाहिजे?’ हे शिक्षकांना सुरुवातीलाच विचारले असते, तर ती आधीपासूनच व्ह्यूमध्ये लिहिता आली असती.

रिॲक्ट नाकारण्याची कारणे बैठकीत बोलली गेली, पण निर्णयपत्रात ‘सध्या आवश्यकता नाही’ एवढेच लिहिले गेले. कनिष्ठ प्रोग्रामरला तो आपल्या प्रस्तावाचा अव्हेर वाटला, आणि नंतर आलेल्या डिझायनरने तोच प्रश्न नव्याने काढला. आता निर्णयपत्रात कारणांसोबत फेरविचाराच्या अटीही लिहितात. सध्या दोन अटी नोंदलेल्या आहेत: तिसऱ्या गटातली पाने दुसऱ्या गटापेक्षा जास्त झाली तर, किंवा व्ह्यू वाचू शकणारा विभागात एकच माणूस उरला तर. सरावचाचणीसाठी उत्तरे सर्व्हरवर साठवण्याचा नमुना ज्येष्ठ प्रोग्रामरने लिहायला घेतला आहे, आणि त्याच्या परीक्षांच्या यादीत जोडणी मध्येच तुटणे आणि यंत्र बदलणे या दोन्ही गोष्टी आधीच घातल्या आहेत.